पान आपलं, जागा दुसऱ्याची

दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास, बारावीची प्रॅक्टिकल्स संपत आली की अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये वेबपानांचा ढीग साचलेला असतो. 'माहिती तंत्रज्ञान' हा विषय घेतलेल्या मुलांनी नोटपॅडमध्ये एकेक टॅग हाताने लिहून ती तयार केलेली असतात. कुणी कळसूबाईची माहिती मांडलेली असते, कुणी नावनोंदणीचा फॉर्म, कुणी वेळापत्रकाचा तक्ता. पानाची प्रिंट जर्नलमध्ये चिकटते, गुण पडतात आणि नवी तुकडी आली की ते फोल्डर पुसलं जातं. मास्तर आणि बाहेरून आलेले परीक्षक सोडले तर ते पान कुणी पाहिलेलं नसतं.

पाहणार तरी कसं? ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पाहा, पानाचा पत्ता 'फाइल' या शब्दाने सुरू होतो. म्हणजे ते त्याच संगणकाच्या डिस्कवर आहे. शेजारच्या संगणकावर बसलेल्या मुलालाही ते दिसत नाही, मग गावाकडच्या आई-वडिलांची गोष्टच नको. पान सगळ्यांना दिसायचं असेल तर ते चोवीस तास चालू असणाऱ्या आणि इंटरनेटला जोडलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर ठेवावं लागतं. या सोयीला होस्टिंग म्हणतात. ती एक रुपयाही खर्च न करता कुठे मिळते, देणारा ती फुकट का देतो आणि त्याने दुकान बंद केलं तर आपल्या पानाचं काय होतं, हे या प्रकरणात पाहू.

किती जागा लागते?

घरचाच संगणक सर्व्हर म्हणून चालू ठेवला तर? तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण लाइट गेली की साइट गेली. शिवाय मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात बहुतेक वेळा शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआड असतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरचा माणूस नेमका तुमच्याच संगणकापर्यंत पोचू शकत नाही. त्यामुळे घरचा पर्याय इथेच सोडून देऊ.

आता जागेचा हिशोब. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट जागा घेतं. दोन हजार शब्दांचा मराठी मजकूर म्हणजे साधारण १२,००० चिन्हं, म्हणजे ३६ केबी. त्यात टॅग धरले तर पान ४० केबीचं झालं. एक जीबी जागेत अशी सुमारे २५,००० पानं मावतील. मोबाइलवर काढलेला एकच फोटो मात्र सहज ४ एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत मजकुराची शंभर पानं बसतात. फोटो चढवण्याआधी त्याची रुंदी हजारेक पिक्सेलवर आणली तर तो दीड-दोनशे केबीत येतो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही.

दुसरा हिशोब रहदारीचा, म्हणजे लोकांनी महिन्याभरात किती डेटा ओढला याचा. फोटोंसकट पान अर्ध्या एमबीचं असेल आणि महिन्याची मर्यादा १०० जीबी असेल, तर ते पान महिन्यात दोन लाख वेळा उघडता येतं. कॉलेजच्या प्रकल्पाला एवढे वाचक मिळणं ही अडचण नव्हे, चैन आहे. म्हणून 'अमर्याद जागा' अशा जाहिरातींना भुलायचं कारण नाही. हाताने लिहिलेल्या साध्या पानाची गरज मुळातच इतकी कमी आहे की जवळपास कुठलीही फुकट जागा त्याला पुरून उरते. निवड करायची ती इतर गोष्टींवरून.

फुकट देणाऱ्याला काय मिळतं?

पारनेर तालुक्यातले मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन घाट उतरतात. वाटेतला शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतो, वर धान्य किंवा पैसेही देतो, कारण रात्रभरात रानाला लेंडीखत मिळतं. जागा फुकट दिसते, पण व्यवहार दोन्ही बाजूंनी पुरा झालेला असतो. आणि मेंढपाळाला ठाऊक असतं की रान आपलं नाही. त्यामुळे त्याचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर मावेल एवढंच असतं.

फुकट होस्टिंगचा इतिहास याच व्यवहाराचा आहे. १९९४ साली अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी एक कंपनी काढली. तीच पुढे जिओसिटीज म्हणून गाजली. कुणीही यावं, फुकट जागा घ्यावी आणि आपलं पान मांडावं. जागांना वस्त्यांची नावं होती. सिनेमावेड्यांनी हॉलिवूडमध्ये राहायचं, संगणकवाल्यांनी सिलिकॉन व्हॅलीत, शिक्षण-तत्त्वज्ञानवाल्यांनी अथेन्समध्ये, आणि प्रत्येक पानाला घर क्रमांक. पानांवर जाहिराती झळकायच्या, त्यातून कंपनीला पैसे मिळायचे. १९९९च्या जानेवारीत याहूने ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे शेअर देऊन घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी नव्या मालकाने अटी बदलल्या. वापरकर्त्यांच्या मजकुरावर कंपनीला मोठे हक्क मिळतील, असा त्यांचा अर्थ निघत होता. लोक खवळले, पानं उतरवू लागले, तेव्हा कंपनीने माघार घेतली. पुढे लोक ब्लॉग आणि समाजमाध्यमांकडे वळले, जाहिरातींचं उत्पन्न आटलं आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाली. कोट्यवधी पानांचे पत्ते एका दिवसात मेले. जेसन स्कॉट आणि त्याच्या 'आर्काइव्ह टीम'मधल्या स्वयंसेवकांनी आधीच्या काही महिन्यांत धावपळ करून जे उतरवून घेतलं, ते आणि 'इंटरनेट आर्काइव्ह'ने जपलेलं तेवढं उरलं.

हे एकदाच घडलं असं नाही. गूगल ड्राइव्हमध्ये एचटीएमएल फाइल ठेवून ती साइटसारखी दाखवण्याची सोय होती, ती २०१६च्या ऑगस्टअखेर गेली. हेरोकू या विद्यार्थीप्रिय सेवेने २०२२च्या नोव्हेंबरात फुकट योजना गुंडाळली. 'डॉट टीके'सारखी फुकट डोमेन वाटणारी फ्रीनॉम कंपनी फसवणूक करणाऱ्यांच्या हातातलं हत्यार झाली, तिच्यावर मेटाने २०२३ साली खटला भरला आणि पुढच्याच वर्षी ती या धंद्यातून बाहेर पडली. ग्लिचने २०२५च्या जुलैत लोकांचे प्रकल्प ठेवणं थांबवलं. आपल्याकडे पीएचपी शिकणाऱ्या मुलांमध्ये जिचं नाव हमखास निघायचं ती ट्रिपल झीरो वेबहोस्टही २०२४ मध्ये बंद झाली. तिची आणखी एक आठवण ठेवण्यासारखी आहे. २०१५ साली तिच्या सुमारे १ कोटी ३५ लाख खात्यांचा तपशील चोरीला गेल्याचं उघड झालं आणि त्यातले पासवर्ड कुठलंही कुलूप न लावता जसेच्या तसे साठवलेले होते. फुकट होस्टिंगला ईमेलचाच पासवर्ड वापरणाऱ्यांची ईमेल खातीही त्यामुळे धोक्यात आली.

यातून निघणारा नियम साधा आहे. आज फुकट असलेली जागा उद्या जाणार असं समजूनच ती घ्यायची. जागा किती चांगली यापेक्षा ती सोडून जाणं किती सोपं, हा प्रश्न आधी विचारायचा. इथे हाताने लिहिलेल्या पानाची बाजू भक्कम ठरते. तयार साच्यांवर, ओढून-सोडून बनवलेली साइट त्या कंपनीच्या घरातच जगते. बाहेर काढायला गेलं तर तिचे तुकडे होतात. याउलट तुमची एचटीएमएल आणि सीएसएसची फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर जशी आहे तशीच कुठेही चालते.

मराठी पानांचा जुना घाव

मराठी मजकुराला याहून वेगळा एक धडा मिळालेला आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमच्या मार्फत. पुढच्याच वर्षी, १९९६च्या गणेश चतुर्थीला, अमेरिकेतून 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं. त्या काळात देवनागरी दाखवायची तर खास फाँट लागायचे. प्रत्येक फाँटची आतली मांडणी वेगळी. एका फाँटमध्ये जो 'क', तोच दुसऱ्यात भलतंच अक्षर. वाचणाऱ्याने आधी फाँट उतरवून घ्यायचा, मग पान वाचायचं. तो फाँट कालांतराने दुर्मीळ झाला की पान शाबूत असूनही वाचता येत नाही, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो.

युनिकोडने हा प्रश्न सोडवला, पण लॅबमध्ये तो अजूनही डोकं वर काढतो. शिवाजी किंवा कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर पान तुमच्या संगणकावर छान दिसेल आणि मोबाइलवर त्याची वाट लागेल. दुसरा सापळा नोटपॅडचा. विंडोज १०च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून नोटपॅड फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये साठवतं. त्याआधीची नोटपॅडं 'अँसी' पद्धतीत साठवायची आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहायची. जुन्या संगणकांवर अजूनही ते घडतं. म्हणून साठवताना 'सेव्ह अ‍ॅज' करून एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडायचं, आणि पानाच्या हेडमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ असल्याचा मेटा टॅग लिहायचा.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' हा गुणधर्म लिहून त्याची किंमत मराठीचा संक्षेप 'एमआर' अशी द्या. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा निराळे असतात. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत, तो हा गुणधर्म पाहून मराठी वळण निवडतो. मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरही त्यावरूनच भाषा ओळखतात. फाँटही मोकळ्या परवान्याचे मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला मुक्ता त्यातलाच. त्याची फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवली की बाहेरच्या लिंकवर विसंबायला नको.

आजच्या जागा

साध्या पानासाठी आज सर्वांत जास्त वापरली जाणारी जागा म्हणजे गिटहब पेजेस. गिटहब ही प्रोग्रामर मंडळींनी आपला कोड ठेवायची जागा. २००८ साली ती सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस तिने पानं दाखवायची ही सोय दिली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी साडेसात अब्ज डॉलरला घेतली, सोय टिकली. जाहिरात नाही, कार्डाचा नंबर मागत नाहीत, साइटला १ जीबीची मर्यादा आणि महिन्याला १०० जीबी रहदारीची. खातं उघडायला वयाची १३ वर्षं पूर्ण हवीत. फुकट खात्यात अट एकच मोठी: ज्या रिपॉझिटरीतून, म्हणजे कोडच्या फोल्डरमधून, साइट दाखवायची ती सार्वजनिक असली पाहिजे, म्हणजे तुमचा कोड कुणीही पाहू शकतो. शिकणाऱ्याला यात तोटा नाही.

'गिट' हे सॉफ्टवेअर यायलाच हवं असा समज पसरलेला आहे. त्यामुळे पुष्कळ मुलं मागे सरतात. साध्या साइटसाठी त्याची गरज पडत नाही. ब्राउझरमधूनच खातं उघडा, नवी रिपॉझिटरी करा आणि तिचं नाव तुमचं वापरकर्ता-नाव, पुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' असं द्या. 'अपलोड फाइल्स'वर जाऊन फायली ओढून टाका आणि 'कमिट'चं बटण दाबा. मग सेटिंग्जमध्ये 'पेजेस' हा भाग उघडून मुख्य शाखा निवडलेली आहे का ते पाहा. पान दिसायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढ्यात घाबरून सगळं पुसू नका. लॅबच्या संगणकावर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसली तरी हे सगळं होतं.

एक अडचण मात्र आधी ओळखून ठेवा. कोड चढवणाऱ्यांना गिटहब दोन टप्प्यांची ओळखपडताळणी लावायला सांगतं, आणि त्यातला दुसरा टप्पा बहुधा फोनवर असतो. घरात एकच फोन असेल, तो वडिलांबरोबर शेतावर गेला असेल, तर लॅबमध्ये बसून खात्यात लॉगिन करता येत नाही. त्यासाठी सुरुवातीलाच मिळणारे रिकव्हरी कोड वहीत लिहून ठेवायचे. ती वही लॅबमध्ये सोडायची नाही.

दुसरी जागा निओसिटीज. काइल ड्रेकने २०१३ साली ती जिओसिटीजच्या आठवणीतच काढली. १ जीबी जागा, जाहिरात नाही, आणि ब्राउझरमध्येच एचटीएमएल लिहायची सोय. सायबर कॅफेत बसून किंवा उसन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ही सर्वांत सुटसुटीत. फुकट खात्यात ठरावीक प्रकारच्याच फायली चालतात. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं आणि फाँट चढतात. व्हिडिओ चढत नाही.

तिसऱ्या गटात क्लाउडफ्लेअर पेजेस आणि नेटलिफाय या सेवा येतात. दोन्हीकडे फोल्डर ओढून टाकलं की साइट उभी राहते. क्लाउडफ्लेअरची एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे. नेटलिफायवर खातं न उघडताही फोल्डर टाकून पाहता येतं, मात्र तशी साइट थोड्याच वेळात काढली जाते. तोंडी परीक्षेत काम दाखवायला तेवढं पुरतं, टिकाऊ काम मात्र खात्याशिवाय होत नाही. फुकट योजनांचे आकडे या कंपन्या मधूनमधून बदलतात, म्हणून साइट चढवायच्या दिवशी अटींचं पान स्वतः वाचावं.

आता पीएचपीचं. बारावी विज्ञान शाखेच्या आयटी अभ्यासक्रमात पीएचपी आहे आणि लॅबमध्ये ते झॅम्पवर चालतं. वर सांगितलेल्या सगळ्या जागा तुमची फाइल आहे तशी वाचकाला देतात, सर्व्हरवर पीएचपी चालवत नाहीत. तिथे पीएचपीची फाइल चढवली तर पान उघडण्याऐवजी फाइल डाउनलोड होईल किंवा कोडच दिसेल. पीएचपी आणि मायएसक्यूएल हवं असेल तर इन्फिनिटीफ्रीसारखी सेवा लागते. इथे प्रकरणाच्या पूर्वार्धातला नियम दुप्पट लागू: पीएचपी सर्व्हर चालवायला कंपनीला जास्त खर्च येतो, म्हणून अशा जागा अधिक लवकर बंद होतात किंवा अटी आवळतात. केवळ एका फॉर्मसाठी पीएचपी हवं असेल तर गूगल फॉर्म पानात बसवून काम भागवा.

कुठलीही नवी जागा निवडताना पाच प्रश्न विचारा. फाइल जशी आहे तशी दाखवते का? माझ्या पानावर स्वतःची जाहिरात घालते का? डेबिट कार्डाचा नंबर मागते का? काही महिने लॉगिन केलं नाही तर खातं पुसते का? सगळ्या फायली एका दमात परत उतरवता येतात का? कार्ड मागितलं की तिथून उठायचं. साध्या पानाला कार्डाची गरज नाही आणि घरच्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी 'फुकट' सेवेसाठी वापरायचा नसतो.

लॅबमध्ये चाललं, इथे का नाही?

चढवल्यावर पान दिसतं आणि फोटो दिसत नाहीत. जवळपास प्रत्येकाचा पहिला अनुभव हाच असतो. कारण बहुतेक वेळा अक्षरांच्या उंचीत असतं. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक चालतो. फाइलच्या नावात कॅपिटल 'पी' आणि कोडमध्ये स्मॉल 'पी' असला तरी फोटो उघडतो. होस्टिंगचे सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. मोबाइल आणि कॅमेरे फोटोच्या नावाचं शेपूट अनेकदा कॅपिटलमध्ये लावतात, म्हणून ही चूक हटकून होते. उपाय म्हणजे सगळी नावं पहिल्यापासून स्मॉल इंग्रजी अक्षरांत ठेवायची, मध्ये रिकामी जागा न सोडता जोडरेघ घालायची.

दुसरं कारण पत्त्याचं. फोटोच्या पत्त्यात 'सी ड्राइव्ह'पासूनचा पूर्ण मार्ग लिहिला असेल तर तो फोटो फक्त त्याच संगणकावर सापडेल. साइटचं सगळं सामान एकाच फोल्डरमध्ये आणि पत्ते त्या फोल्डरच्या आतले, असं ठेवलं की फोल्डर कुठेही नेता येतं. तिसरं, पहिल्या पानाचं नाव 'इंडेक्स' असलंच पाहिजे. सर्व्हर आपण होऊन तेच शोधतो. आणि फायलींना देवनागरी नावं देण्याचा मोह टाळा. नाव चालतं, पण लिंक कॉपी केली की एकेका चिन्हाचे नऊ होतात. 'नगर' या तीन अक्षरांची सत्तावीस अक्षरी टक्केवारीची माळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पाहा, कुणी ती दाबायला धजावणार नाही.

पत्ता बदलू नये असा ठेवा

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. फलक बदलतात, शिक्के बदलतात, लेटरहेड बदलतात. वेबपानाच्या बाबतीत मात्र मजकूर बदलणं आणि पत्ता बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकुरातलं नाव बदललं तर कुणाचं काही बिघडत नाही. पत्त्यातलं बदललं तर जिथे जिथे ती लिंक पोचली होती, म्हणजे कुणाच्या संदेशात, दुसऱ्या साइटवर, छापलेल्या क्यूआर कोडमध्ये, तिथे तिथे ती मरते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एका टिपणात बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. त्यांचा सल्ला असा की जे बदलू शकतं ते पत्त्यात घालूच नये.

म्हणून रिपॉझिटरीच्या नावात इयत्ता, वर्ष, तुकडी, कॉलेजचं नाव किंवा जिल्ह्याचं अधिकृत नाव घालू नका. इंग्रजी अक्षरांतच, भुईकोट किल्ल्यावरच्या पानाला 'किल्ला', निघोजच्या रांजणखळग्यांवरच्या पानाला 'रांजणखळगे', नेवाशाच्या पैस खांबावरच्या पानाला 'पैस' एवढं पुरे. आणि जुनी लिंक बदलावीच लागली, तर जुन्या जागी एक छोटं पान ठेवून त्यावर नवा पत्ता द्या.

काय चढवू नये

सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवलेली फाइल पुसली तरी तिची जुनी आवृत्ती इतिहासात राहते. आज फोन नंबर लिहून उद्या खोडला, तरी कालचं पान उघडून तो वाचता येतो. त्यामुळे 'माझ्याविषयी' या पानावर जन्मतारीख, मोबाइल नंबर, घरचा पत्ता, परीक्षेचा बैठक क्रमांक, आधारचा फोटो यांपैकी काहीच पहिल्यापासून नको. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. वर्गातल्या मित्रांचे फोटोही त्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

फोटोंचा हक्क हा दुसरा मुद्दा. गूगलवर सापडलेलं चित्र आपलं होत नाही. यावर आपल्या जिल्ह्यात फार सोपा तोडगा आहे: बाहेर पडा आणि स्वतः फोटो काढा. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या एका टोकाला सह्याद्रीतलं भंडारदरा, दुसऱ्या टोकाला कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणं जपली आणि २०२० सालचा पद्मश्री मिळवला. अशा वाणांचा तक्ता करून आपल्या घरात, आपल्या वावरात त्यांतलं काय उरलं आहे हे नोंदवणारं पान कुठल्याही उसन्या चित्रापेक्षा मोलाचं.

कॉलेजांना काय करता येईल

१९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं, तेव्हा सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ती झपाट्याने उभी राहिली. लोणीचं प्रवरा, संगमनेरचं अमृतवाहिनी आणि कोपरगावचं संजीवनी ही तिन्ही त्याच वर्षीची. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना संगणक गावाजवळ भेटला तो या वाटेने. आज जिल्ह्यात संगणक शिकवणाऱ्या पॉलिटेक्निक आणि कनिष्ठ महाविद्यालयांची कमी नाही, पण मुलांच्या कामाचा शेवट अजून प्रिंटआउटवर होतो.

हे बदलायला निधी लागत नाही. गिटहबवर संस्थेचं एक सामायिक खातं फुकट उघडता येतं. शिक्षकाने ते उघडायचं, प्रत्येक मुलाने आपल्या खात्यातून त्यात आपली रिपॉझिटरी ठेवायची आणि मुखपृष्ठावर सगळ्यांच्या लिंकांची यादी लावायची. चाव्या एकाच शिक्षकाकडे ठेवू नयेत, बदली झाली की खातंही हरवतं. किमान दोघांना मालकीचा अधिकार द्यावा. जर्नलमध्ये प्रिंटऐवजी लिंक आणि क्यूआर कोड चिकटवला तर परीक्षकाला पान चालताना दिसेल, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागणार नाही. साइट पूर्ण झाली की 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या वेबॅक मशीनमध्ये तिचा पत्ता टाकून एक प्रत जतन करून घ्यावी. तीही सोय फुकट आहे.

या प्रकरणाचा स्वाध्याय

आपली साइट एका जागी चढवा. पुढच्या आठवड्यात तेच फोल्डर, एक अक्षरही न बदलता, दुसऱ्या एखाद्या होस्टवर चढवा आणि मित्राच्या मोबाइलवर उघडून पाहा. एखादा फोटो गळाला, एखादी लिंक तुटली, अक्षरं बिघडली, तर त्याचं कारण तुमच्या फोल्डरमध्ये आहे. ते शोधून मूळ फाइल दुरुस्त करा आणि दोन्हीकडे पुन्हा चढवा. फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलमध्ये ठेवा. दुसऱ्या जागी पान पहिल्यासारखंच दिसू लागलं की पहिली जागा उद्या बंद पडली तरी तुमचं नुकसान नव्या लिंकच्या एका संदेशापलीकडे जाणार नाही.